पार्बताबाईचा वरचा सांबार

अकोल्यात जठारपेठेकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली चार हात लांब, दोन हात रुंद एवढी जागा आहे आणि ती पार्बताबाईची आहे. कागद विचारू नका. कागद नाही. एकतीस वर्षं बाई रोज तिथं गोणपाट अंथरून बसते, हाच तिचा सातबारा.

बसते म्हणजे काय, ठाण मांडते. पुढ्यात मेथी, पालक, आंबाडी, वांगी, आणि डाव्या हाताला ओल्या फडक्यात गुंडाळलेला सांबार. बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो, आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. इडलीबरोबर मिळतो तो वेगळा, त्याच्याशी आमचं काही भांडण नाही.

तर भाजी तोलून झाली, पैसे घेऊन झाले, गिऱ्हाईक पिशवी उचलायला वाकलं, की पार्बताबाईचा डावा हात आपोआप उठायचा आणि मूठभर सांबार अन् दोन मिरच्या पिशवीत पडायच्या. मागावं लागायचं नाही. उलट कोणी मागितला तर बाई चिडायची. "मांगाले काय झालं? म्या देऊन नाई राह्यली का?" निवृत्त मुख्याध्यापक रामराव गुरुजी तर म्हणायचे, पार्बताबाईची मेथी फुकटच असते, आपण पैसे देतो ते सांबाराचे.

याच गुरुजींना मधे लकव्याचा झटका आला आणि दीड वर्षं त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नाही. त्या दीड वर्षात दर गुरुवारी देवराव ऑटोवाल्याच्या हातून त्यांच्या घरी सांबाराची जुडी जात राहिली. "गुरुजी भाजी कुठं घेतात आता तुमच्याकडून," असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा बाई त्याच्यावर खेकसली, "घेत नाईत, पन गिऱ्हाईक तं हायेत ना?"

बाजाराचा कायदा मात्र बाईसारखा मायाळू नाही. बाजारात जागा बसणाऱ्याची. कोणाकडे लग्न-मयत असली तर गोणपाटावर दगड ठेवून जायचं. दोन दिवस त्या दगडाचा मान राखतात. तिसऱ्या दिवशी दगड बाजूला, आणि तिथं दुसराच कोणी कांदे मांडून बसलेला. मग कितीही आरडाओरडा करा, गेलेली जागा परत मिळत नाही. बाईनं अशा तीन बायांच्या जागा जाताना पाहिल्या होत्या.

शिवाय शेजारी होता शेखर. लसूण-अद्रकाची हातगाडी. ही गाडी दर आठवड्याला वीतभर पार्बताबाईकडे सरकायची आणि दर आठवड्याला बाई ती वीतभर मागे ढकलायची. दहा वर्षं हाच खेळ चालला होता.

"शेखर, चाकं तुह्या गाडीले हायेत का तुह्या मनाले?"

"काकू, रस्ता उताराचा हाय, म्या का करू?"

रस्ता ताटासारखा सपाट आहे. येऊन पाहा हवं तर.

मोर्णा नदीच्या काठी या घराचा दीड एकराचा मळा. नवरा ओमप्रकाश पिकवतो, बाई विकते. ही वाटणी एकदाच मोडली होती. पार्बताबाई तापानं फणफणली म्हणून ओमप्रकाशभाऊ जागेवर बसले आणि दहाच्या आत सगळी मेथी संपवून घरी आले. बाईला वाटलं, वा रे माझा मालक! मग कळलं, भाव सांगायची लाज वाटली म्हणून गड्यानं सगळ्यांना "घेऊन जा, मंग द्या" असं म्हणत मेथी वाटून टाकली होती. त्यानंतर भाऊंना कडुनिंबाखाली बसायची बंदी झाली. त्यांनाही तेच हवं होतं.

अशात माघ महिन्यात चंदनचा फोन आला. चंदन हा थोरला मुलगा, दिल्लीजवळ नोएडाला मोठ्या कंपनीत. फ्लॅट घेतला होता, त्याची वास्तू होती, आणि वास्तूनंतर आठवड्यानं नातवाचा पहिला वाढदिवस.

"माय, अकरा दिवस राहाचं. तू आली नाई तं मी उंबरठा ओलांडत नाई."

बाईच्या तोंडावर हसू आलं आणि नजर गोणपाटाकडे गेली, दोन्ही एकदम. वर्षाचा होत आलेला नातू तिनं फक्त मोबाईलमध्ये पाहिला होता. का? तर या जागेपायी. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता पोरगं चालायला लागलं होतं.

"जाय," ओमप्रकाशभाऊ म्हणाले.

"अन् जागा?"

"पाहू."

भाऊ दिवसाला एवढंच बोलतात. त्या दिवसाचा कोटा संपला.

बाजारात तिनं फक्त रामराव गुरुजींना सांगितलं. "गुरुजी, अकरा दिवस सांबार भेटनार नाई बरं का."

"आणि तुमची जागा?"

"जागा का, थे गेली समजा," बाई हसत म्हणाली. "नातू मोठा का जागा मोठी?"

बोलायला बोलली, पण त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना तिनं सुटे पैसे चुकीचे परत केले. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. संध्याकाळी गोणपाटाची घडी घालताना डोळे भरून आले, तेव्हा ती शेखरवर ओरडली की तुझ्या लसणानं डोळे झोंबून राहिलेत. लसणानं झोंबत नाहीत, हे शेखरला ठाऊक होतं. 

जाताना सोबत होती गीतांजली, बाईची धाकटी. अमरावतीला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते आणि घरातही तसंच बोलते. तिनं नागपूरहून स्वस्तातल्या कंपनीची दोन तिकिटं काढली होती.

"आमच्या अमरावतीहून बी आता विमान उडते, माय. तुमच्या अकोल्याले नुसती धावपट्टीच राह्यली."

"दिल्लीले उडते का तुमचं?"

"मुंबईले उडते."

"मंग चूप बस. आपल्याले दिल्लीले जाचं हाय."

तिकिटाबरोबर नियमही आले. मोठी बॅग पंधरा किलोची, हातातली सात किलोची, त्यापुढं पैसे. पार्बताबाईला वजनाचे नियम शिकवणं म्हणजे मासोळीला पोहणं शिकवणं. तिनं घरचाच काटा लावला. सुनेसाठी डिंकाचे लाडू, नातवासाठी हातानं शिवलेली गोधडी, मूगवड्या, सरगुंड्या, ज्वारीचं पीठ, वास्तूसाठी मळ्यातली झेंडूची फुलं आणि ताजी मेथी. बरोबर पंधरा किलो. गीतांजली म्हणाली, "माय, अर्धा किलो कमी ठेव." बाई म्हणाली, "काहून? पैसे पंधराचे घेतले ना त्याईनं? मंग पंधरा."

नागपूरच्या काउंटरवर बॅग ठेवली आणि आकडा आला पंधरा किलो आठशे.

"हे काही मी मानत नाई," बाई म्हणाली. "काटा तुमचा खराब हाय."

काउंटरवरची पोरगी बिचारी नम्र होती. तिनं बॅग शेजारच्या काट्यावर ठेवून दाखवली. पंधरा आठशे. बाईचा चेहरा असा झाला की जणू कोणी तिच्यावर मापात पाप केल्याचा आळ घेतलाय. एकतीस वर्षांत तिच्या तोलाला कोणी बोट लावलं नव्हतं. तिथंच खाली बसून तिनं बॅगेची चेन ओढली, आणि गीतांजली हसत सुटली.

बॅगेत सगळ्यात वर सांबाराच्या चार जुड्या होत्या, आणि मूठभर मिरच्या.

बॅग तोलून झाली होती. काटा बंद करून झाला होता. मग बाईचा डावा हात उठला होता आणि त्यानं वरचा सांबार टाकला होता. चांगला घसघशीत, पोराच्या घरी चाललाय म्हणून. मेंदूला त्यानं काही विचारलंच नव्हतं.

"वरचं तोलत नसतात वं," बाई त्या पोरीला समजावू लागली. "वरचं वरचं असते."

पोरगी म्हणाली, "मावशी, आमच्याकडे सगळंच तोलतात." मग सांबार बाहेर आला. तीन जुड्या हातातल्या पिशवीत गेल्या, आणि चौथी बाईनं काउंटरवर ठेवली. "हे तुह्यी. नाई म्हनू नको, तुले काय इकून नाई राह्यली." पोरीनं इकडंतिकडं पाहिलं आणि जुडी खुर्चीमागे ठेवून दिली.

आत विमानात आणखी गंमत. जागा निवडायची तर जास्तीचे पैसे, म्हणून गणिताच्या बाईंनी त्या निवडल्याच नव्हत्या. मायलेकी चार रांगांच्या अंतरानं, दोघीही मधल्या खुर्चीत. पार्बताबाईच्या एका बाजूला पैलवानासारखा एक माणूस, दुसऱ्या बाजूला कानात बोंडं घातलेली कॉलेजची पोरगी. पाठ मागे जाईना, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले. पण बाई आयुष्यभर मांडी घालून चार हातात बसलेली. तिनं चपला काढल्या, खुर्चीतच मांडी घातली आणि पैलवानाला म्हणाली, "भाऊ, कोपर तेवढं तुमच्या घरात घ्या."

पाणी मागितलं, पेलाभर मिळालं. चहाचा मात्र भाव सांगितला. भाव ऐकून बाई त्या हवाईसुंदरीकडे कौतुकानं पाहत राहिली. एवढा भाव सांगायचा आणि हसायचं, दोन्ही एकदम जमणं सोपं नाही. ओमप्रकाशभाऊंना हिच्याकडे शिकायला पाठवलं पाहिजे, असं तिला वाटलं.

मग तिनं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा, वर चिरलेला सांबार. वास सुटला तशा पुढच्या तीन रांगांतल्या माना वळल्या. पैलवान कारंज्याचा निघाला, दिल्लीला नोकरीला. त्याला बाईनं एक भाकर दिली. भाकर खाऊन तो स्वतःच उठला, चार रांगा मागे गेला आणि गीतांजलीला आपल्या जागेवर पाठवून दिलं. जागा निवडायचे पैसे वाचले ते असे.

"किती कंजूस विमान हाय, नाई?" गीतांजली म्हणाली.

"काहून? त्याईनं खोटं कुठं सांगतलं?" बाई म्हणाली. "हे हर्राशीचं विमान हाय. पहाटे मंडीत हर्राशीत, लिलावात, ठोक माल घेतात ना? भाव कमी, अन् पोतं आपलं, हमाली आपली. थिथं कोनी सांबार मांगते का? हर्राशीत जाचं अन् वरचं मांगाचं, हे आपलंच येडेपन." आणि थोडं थांबून म्हणाली, "पन हर्राशीत जीव नाई लागत कोनाचा."

वास्तू झाली, झकास झाली. नातवानं पहिल्यांदा आजीला पाहिलं, भोकाड पसरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आजीच्या कडेवरून उतरायला तयार होईना. बाईला सुखाचं अजीर्ण व्हायची वेळ आली. फक्त सकाळी अकराच्या सुमाराला, जेव्हा कडुनिंबाखाली गिऱ्हाइकांची गर्दी असते, तेव्हा ती गॅलरीत जाऊन उभी राहायची. तीन दिवस झाले. चार झाले. दगडाचा मान संपला होता.

वास्तूनंतर गीतांजली क्लासमुळे अमरावतीला परतली. आठव्या दिवशी बाईनं न राहवून देवराव ऑटोवाल्याला फोन लावला.

"देवराव, जागेचं काय हो?"

पलीकडे ऑटो बंद झाल्याचा आवाज आला. मग देवराव म्हणाला, "ताई, काही इचारू नका. तुमी या फक्त."

 तिनं ओमप्रकाशभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "ये." तो कोटाही संपला.

"माय, कायले जीव टांगून ठेवतं?" चंदन म्हणाला. "सोड आता भाजी. इथं राहा."

बाई नातवाला घेऊन गॅलरीत गेली. त्याच संध्याकाळी कपाट आवरताना तिला एक सोनेरी कार्ड सापडलं. चंदनचं नाव, उठावदार अक्षरं. "हे काय रे?"

ते महागड्या विमान कंपनीचं कार्ड होतं. चंदन चार वर्षं कामासाठी दर आठवड्याला त्यांच्याच विमानानं फिरायचा. प्रत्येक फेरीला पॉइंट जमा व्हायचे. कार्ड दाखवलं की वेगळी रांग, जास्तीचं सामान, बसायला वेगळी खोली, नावानं हाक. मग ऑफिसनं सगळ्या मीटिंगा कॉम्प्युटरवर सुरू केल्या. वर्षभर चंदन उडाला नाही, आणि कार्ड गेलं.

"गेलं म्हंजे?"

"म्हणजे आता मी साधा गिऱ्हाईक. पॉइंट राह्यले थोडे, ते बी या महिन्यात संपतात. म्हणून तर तुझं परतीचं तिकीट त्यातून काढलं. पुढच्या मोठ्या खुर्चीचं."

बाईनं ते कार्ड हातात धरून उलटंसुलटं पाहिलं. तिला राग आला, खराखुरा. "चार वर्सं तू त्याईच्याच दुकानात गेला, अन् एक वर्स नाई गेला तं वळख मोडली? गरज सरो, वैद्य मरो! आमचे गुरुजी दीड वर्स नाई आले. म्या का त्याईले इसरली?"

"माय, ती कंपनी आहे."

"असन कंपनी. गिऱ्हाईक तं मानूसच हाय ना?"

आणि बोलता बोलता ती थांबली. कारण तिला दिसलं की बाजारही तेच करतो. एकतीस वर्षं रोज बसलीस, अकरा दिवस नाही बसलीस, तर तुझंही कार्ड गेलं. विमानवाल्यांना काय नावं ठेवायची! पळसाला पानं तीनच. त्या रात्रीच्या जेवणात तिनं दोनदा मीठ मागितलं आणि दोनदा घातलं नाही.

परतीच्या दिवशी सकाळी चंदननं तिला विमानतळावर सोडलं. मोठ्या खुर्चीचं तिकीट म्हणून वेगळी रांग, आणि मग ती वेगळी खोली. सोफे, दिवे, आणि एका लांब टेबलावर पुरी, उपमा, फळं, मिठाया. निळ्या कोटातल्या बाईनं हसून सांगितलं, जे हवं ते घ्या, पैसे नाहीत.

पार्बताबाई थाळी न उचलता उभी राहिली. सकाळचे सात वाजले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"बोहनी हुई क्या तुम्हारी?" तिनं विचारलं.

निळ्या कोटातल्या बाईला कळेना. पार्बताबाईनं आपल्या वऱ्हाडी हिंदीत समजावलं. सकाळी दुकान उघडल्यावर पहिला पैसा गल्ल्यात पडतो ती बोहनी. बोहनीच्या आधी कोणी फुकट घेतलं तर दुकानाचा दिवस वाया जातो. मीही दुकानवाली आहे, तुमचा दिवस खराब करून मला पुरी जाणार नाही.

"लेकिन माँजी, ये दुकान नहीं है."

"खाना रखा है, लोग आते है, मंग दुकानच हुआ ना?"

दोघींचं बराच वेळ चाललं. शेवटी पार्बताबाईनं पदराच्या गाठीतून अकरा रुपये काढून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले. त्या बाईनं क्षणभर विचार केला, पैसे उचलले, कपाळाला लावले आणि कोटाच्या खिशात ठेवले. तेव्हा कुठं पार्बताबाई जेवली. आणि मग अशी जेवली की चंदनचे पॉइंट वसूल.

विमानातली खुर्ची म्हणजे खुर्ची नव्हतीच, पलंग होता. बटण दाबलं की पाठ मागे, पाय वर. काचेच्या पेल्यात मोसंबीचा रस, चिनी मातीच्या ताटात नाश्ता, आणि हवाईसुंदरी विचारते, "पार्बताजी, और कुछ?" नाव घेऊन! बाईला फार आवडलं, का खोटं बोला? तिनं पाय लांब केले, शाल ओढली, सगळं मागून पाहिलं. दोनदा कॉफी घेतली. हर्राशीत आणि घरपोच भाजीत जो फरक, तो इथं. पण डोळा काही लागेना. त्या मऊ पलंगावर पडून ती कडुनिंबाखालचे चार हात मोजत होती, आणि तिथं आता कोण बसलं असेल याचे चेहरे आठवत होती. कांदेवाला? बटाटेवाला? की शेखरची अख्खी गाडी?

नागपूरला उतरली, बस धरली. अमरावतीच्या स्टँडवर गीतांजली डबा घेऊन उभी होती. "माय, उतर. आजचा दिवस आराम कर, उद्या जाय."

"मोठ्या खुर्चीत आरामच करून राह्यली सकायपासून," बाई म्हणाली. "मले पाहू दे, काय झालं थे." डबा घेतला आणि बसमधून उतरली नाही.

चारच्या सुमाराला अकोला. देवराव ऑटो घेऊन आला होता, पण तोंड उघडायला तयार नव्हता, नुसता मिशीत हसत होता. बाईला त्या हसण्याचा संताप आला. चौक जवळ आला तशी तिनं ऑटोचा दांडा घट्ट धरला.

कडुनिंबाखाली गर्दी होती. जागा गेली, तिला वाटलं. गेलीच. एवढी गर्दी तर माझ्याकडे पण नसते.

ती उतरली, माणसं बाजूला सारत पुढं गेली, आणि तिला तिचं गोणपाट दिसलं. तिचंच, कोपऱ्याला हिरवं ठिगळ लावलेलं. त्यावर पाय लांब सोडून, नाकावर चष्मा ठेवून, रामराव गुरुजी बसले होते. मांडीवर शाळेच्या हजेरीसारखी वही. शेजारी बँकेतली नीलम, बाईची रोजची गिऱ्हाईक, काटा धरून उभी, ऑफिसच्या साडीत. पुढ्यात मळ्यातलीच मेथी, पालक, वांगी. आणि डाव्या हाताला ओल्या फडक्यात सांबार.

"ढकलाढकली नको! रांगेत या!" गुरुजी वर न बघता ओरडले.

पार्बताबाई रांगेच्या पुढंच उभी होती. तिनं हातातली पिशवी पुढं केली. मग ती म्हणाली, "पाव किलो मेथी."

नीलमनं मान वर केली आणि तोंडावर हात ठेवला. गुरुजींनी मात्र मेथी तोलवली, पिशवीत घातली आणि डावा हात उचलून अशी मूठ टाकली की अर्धी जुडी गेली.

"इतका कोनी देते का?" बाई करवादली. "भिकेले लावान मले, गुरुजी!"

तेव्हा गुरुजींनी चष्मा वर केला. आणि मग जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. बाई रडत होती, हसत होती आणि गुरुजींना रागवत होती, सगळं एकदम.

झालं होतं ते असं. ती गेली त्याच दिवशी गुरुजी काठी टेकत मळ्यात गेले होते. ओमप्रकाशभाऊंना म्हणाले, "तुम्ही रोज सकाळी माल आणून टाका, बसायचं आम्ही पाहतो." भाऊ म्हणाले, "बरं." आणि गिऱ्हाइकांनी पाळ्या लावल्या. बाईला काही सांगायचं नाही, हेही ठरलं, नाहीतर ती नातवाला सोडून पळत आली असती.

"पाहू थे वही," बाई म्हणाली. तिला वाचता येतं ते फक्त बसच्या पाटीपुरतं. नीलमनं वाचून दाखवलं. पहिला दिवस, रामराव. दुसरा दिवस, सकाळी रामराव, संध्याकाळी नीलम. तिसरा दिवस, दुपारी देवराव. दवाखान्यातल्या सिस्टर, कोपऱ्यावरचे शिंपी, ज्यांची नावं बाईला आजवर ठाऊकच नव्हती अशी दोन-तीन माणसं. बाई प्रत्येक नावाला मान हलवत होती.

"नववा दिवस," नीलम म्हणाली आणि थांबली. "नववा दिवस, शेखर."

बाईनं वळून पाहिलं. शेखर लसणाच्या पाकळ्या निवडण्यात एकदम गर्क झाला होता.

"काय रे?"

"आता काय सांगू काकू," तो खाली पाहत म्हणाला. "त्या दिवशी गुरुजीचं बीपी वाढलं. नीलमताईले सुट्टी नाई. देवराव शाळेच्या फेरीले. जागा रिकामी. म्या म्हतलं, बाप्पा, दहा वर्सांनी चान्स भेटला. गाडी लोटली अर्धी."

"मंग?"

"मंग एक म्हातारी आली. म्हने, पार्बताबाईचा सांबार दे. म्या म्हतलं, बाई नाई. तं थे म्हने, बाई नाई तं नाई, जागा तं हाय ना तिची." शेखरनं मान खाजवली. "गाडी मांगं घेतली अन् बसलो मंग दिवसभर."

"अन् सांबार?"

"देल्ला ना. मूठभर. अन् दोन मिरच्या."

 मग तिनं गुरुजींना हाताला धरून उठवलं, चपला काढल्या आणि गोणपाटावर बसली. एकतीस वर्षं ती तिथं बसत होती. त्या दिवशी तिला ती जागा दिल्लीच्या विमानातल्या पलंगापेक्षा मऊ वाटली. पदरानं डोळे पुसले, काटा पुढं ओढला.

तेवढ्यात चंदनचा फोन. "माय, पोचली? जागेचं काय झालं? गेली का?"

"नाई बाप्पा," पार्बताबाई म्हणाली, आणि तिचा आवाज अर्ध्या चौकाला ऐकू गेला. "माहं कार्ड चालू हाय."

फोन ठेवून तिनं शेखरला हाक मारली, त्याच्या हातात सांबाराची सगळ्यात मोठी जुडी दिली, आणि मग त्याची गाडी वीतभर मागे ढकलली.